ते अक्षर माझं होतं

पत्रक लिहायला दोन गोष्टी लागतात. एक शत्रू आणि एक पान. शत्रू मोठा हवा, पान लहान. हे मला एकोणिसाव्या वर्षी शिकवलं गेलं. मी हुशार होते, चटकन शिकले.

कुंभकोणमला कॉलेजात असताना आमचा एक गट होता. आठ-दहा जण, एक उसनं मिळालेलं सायक्लोस्टाइल यंत्र, आणि शनिवारी दुपारी भरणारी बैठक. व्यसनांविरुद्ध मोहीम. नवा कायदा येऊन दोन-तीन वर्षं झाली होती, रेडिओवर रोज इशारे येत, आणि आम्हाला वाटे की देश वाचवायचं काम आपल्यावरच सोपवलं आहे. तमिळमध्ये मजकूर लिहायचा मी. ‘हे झाड नव्हे, राक्षस आहे. आज तुमच्या शेजाऱ्याच्या परसात आहे, उद्या तुमच्या मुलाच्या रक्तात असेल. दिसलं की कळवा.’ खाली कुणाचंच नाव नसे. मोहिमेत ‘मी’ नसतो, असं आम्हाला सांगितलेलं होतं.

ते पत्रक मी कावेरीकाठच्या मेलकावेरीत आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घरात टाकलं. एकही घर सोडलं नाही. वैद्यमामांच्या ओट्यावरही टाकलं.

वैद्यमामा म्हणजे आईचे थोरले मामा. सत्तरी उलटलेली, अंगाने काटकुळे, कानात पांढऱ्या केसांचे झुबके. आमच्यासारखी मराठी घरं त्या गल्लीत पाच-सहा. मराठ्यांच्या राजवटीत कधीतरी पूर्वज इकडे आले आणि इथलेच झाले. दाराबाहेर तमिळ, दाराआत मराठी, तीही तेव्हाचीच. आता पुण्यात मी घरच्यासारखी बोलले तर लोक मला पोथीतून उतरल्यासारखं बघतात. वैद्यमामा औषधं देत. बाळंतिणीला, पोटदुख्याला, झोप नसलेल्याला. रोग्याला ते आधी कॉफी देत आणि मग नाडी बघत. रिकाम्या पोटी कोण खरं सांगतो, म्हणत.

त्यांच्या परसात, विहिरीच्या पलीकडे, दोन झाडं होती. कंबरेहून उंच, बोटांसारखी कातरलेली पानं. ती झाडं मला नवी नव्हती. त्यांच्याच सावलीत बसून मी मोडी शिकले होते.

हे आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. घरात मोडी वाचणारे तेच शेवटचे. मुलगे कुणी बसेनात. एकाला क्रिकेट, दुसऱ्याला बँकेची परीक्षा. मी बसले. अकरा-बारा वर्षांची असेन. त्यांच्या औषधांची एक जाड वही होती, बापाची, आजाची अक्षरं असलेली. काही पानं कसरीने खाल्ली होती. ती पानं ते मला वाचून दाखवत आणि नव्या कागदावर माझ्याकडून उतरवून घेत. दोन कामं एकदम. मी मोडी गिरवायचे, त्यांची वही दुरुस्त व्हायची. मग तो कागद ते पिठाच्या खळीने जुन्या पानावर चिकटवत.

झोपेच्या लेह्याचं, म्हणजे चाटणाचं, पान माझ्या हाताने लिहिलेलं आहे.

‘विजयेचा पाला निवडोन घेणें. शेंडे, देठ, बीं टाकणें. पुरचुंडींत बांधोन वाहते पाण्यांत धुणें, हिरवें पाणी सरे तों. सावलींत वाळवणें. गाईचे तुपांत मंद विस्तवावर परतणें.’ पुढे सुंठ, मिरी, पिंपळी, गुळाचा पाक. ती पुरचुंडी धुवायला ते कावेरीच्या घाटावर जात. दिवसाउजेडी, चारचौघांत, कपडे धुणाऱ्या बायकांच्या शेजारी बसून. पाण्यात हिरवी रेघ लांबत जायची. बायका म्हणायच्या, ‘मामा, आज कुणाला झोपवताय?’ ते म्हणायचे, ‘तुझ्या सासूला.’ आणि घाटभर हसणं.

वर्षातून दोनदा तुपात तो पाला परतला जाई, आणि त्याचा वास गल्लीभर जाई. ओल्या गवताला तूप लावून भाजावं तसा. मला तो सणाचा वास वाटे.

मग एकोणिसाव्या वर्षी मी त्याच झाडाला राक्षस म्हणून छापलं. आता विचाराल, तुला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं आणि नव्हतंही. पत्रकातला गांजा शहरातल्या टपऱ्यांमागे होता, पिवळ्या डोळ्यांच्या पोरांच्या हातात. मामांच्या परसातली विजया वेगळी. एकच झाड आहे हे डोक्याला कळत होतं. पण डोक्यात दोन खोल्या होत्या आणि मधलं दार मी लावून घेतलं होतं.

ते दार उघडणारी होती आत्या.

आत्या, वडिलांची बहीण, आमच्याकडेच राहायची. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. जीभ तिखट. त्या वर्षी तिच्या छातीतला आजार हाडांत उतरला होता. तंजावरच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं होतं. मामांचं लेह्य सुपारीएवढं रात्री घेई, तेव्हा झोपे. आणि एक गोष्ट तिला अजून करता येई: दर गुरुवारी गोविंदपुरमला स्वामींच्या समाधीपाशी, अधिष्ठानात जाऊन भजनाला बसणं. भिंतीला पाठ लावून, मांडीवर उशी, हातात झांजा. लेह्य घेतलं तर दोन तास बसता येई. न घेतलं तर बसमध्ये चढताही येत नसे. तिचं जगणं त्या दोन तासांवर येऊन ठेपलं होतं, आणि ते दोन तास मामांच्या बरणीत होते.

माझं पत्रक तिने वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

‘छपाई सुरेख आहे गे. मजकूर कोण्या मूर्खाचा?’

‘माझा.’

‘तर मग छपाईच सुरेख.’

मी भडकले. म्हटलं, पिढ्यान्‌पिढ्या बरबाद होतायत, तुला थट्टा सुचते.

‘मजला झोप सुचते,’ ती म्हणाली. ‘तुझा राक्षस सुपारीएवढा येतो आणि माझे पाय दाबतो. त्याला बोलाव, जा.’

वैद्यमामांनी पत्रकावर फक्त एवढं म्हटलं, ‘राक्षसाच्या सावलींत तूं पाटी घेऊन बसत होतीस की. खाल्लें नाही तुजला.’ आणि पत्रकाची घडी करून सुंठीच्या डब्याच्या बुडाशी घातली. कागद वाया घालवायचा नाही, ही त्यांची सवय.

मार्गळीचा महिना होता, ऐन थंडीचा. सकाळी दारांत कोलमची रांगोळी, कोलमांत शेणाचे गोळे, गोळ्यांत भोपळ्याची फुलं. नऊच्या सुमाराला गल्लीत जीप आली. दोन अधिकारी, एक शिपाई. कुणी कळवलं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. मोठ्या अधिकाऱ्याच्या खिशातून माझं पत्रक डोकावत होतं, एवढं मात्र मी पाहिलं.

मी धावत गेले. तोवर झाडं उपटून झाली होती. मुळांना माती तशीच होती, आणि शिपाई ती विहिरीच्या काठावर झटकत होता, जपून, भाजी निवडल्यासारखी. बरणी पंचांसमोर ठेवलेली. आणि अधिकाऱ्याच्या हातात वही.

‘ही कुठली लिपी?’ त्याने तमिळमध्ये विचारलं. ‘कोण वाचतं हे?’

मामा म्हणाले, ‘मी.’

‘आरोपीचं वाचणं चालत नाही. दुसरं कोण?’

गल्ली जमली होती. सगळे माझ्याकडे बघू लागले. कौतुकानेच. अख्ख्या गावात मोडी वाचणारी तरुण पोर एकच, आणि ती आमची, असा भाव. शेजारच्या काकूंनी तर सांगूनही टाकलं, ‘ही वाचते. पत्रकंसुद्धा हीच लिहिते.’

अधिकारी हसला. ‘तुम्हीच का त्या? चांगलं लिहिता. माझ्या मुलीला वाचायला दिलं मी.’

काय सांगू? मला बरं वाटलं. त्या अंगणात, उपटलेल्या झाडांशेजारी, मामा खांबाला टेकून उभे असताना, मला क्षणभर बरं वाटलं. ते बरं वाटणं मला अजून सोडत नाही.

त्याने पानं उलटली. लेह्याचं पान समोर आलं. मी वाचलं. मोडी वाचत गेले, तमिळमध्ये सांगत गेले, तो लिहून घेत गेला. विजयेचा पाला, म्हटलं. ‘म्हणजे गांजा?’ त्याने विचारलं. मी म्हटलं, हो. पत्रकात आम्ही झाडाचा शेंडा आणि झाडाचा पाला असला फरक करत नव्हतो. फार पुढे, कायदा स्वतः वाचला तेव्हा कळलं की कायदा करतो. नुसता पाला गांजात धरलेला नाही. झाड लावणं गुन्हा आहे. म्हणजे झाडं सापडलीच होती, गुन्हा होणारच होता. पण बरणी वाचली असती. निदान बरणीसाठी भांडता आलं असतं. ‘शेंडे टाकणें’ हे शब्द माझ्या बोटाखाली होते. मी ते वाचलेही असतील, सांगताना मात्र गाळले. मुद्दाम नाही. आमच्या शिकवणीत असले तपशील ‘मुद्दा पातळ करतात’.

मग त्याने विचारलं, ‘हे अक्षर कुणाचं?’

वहीत तीन पिढ्यांची सराईत, वळणदार अक्षरं होती, आणि या एका पानावर बारा वर्षांच्या मुलीचं गोल, जाडं, रेघ सोडून खाली घसरणारं अक्षर. मोडी न वाचणाऱ्यालाही फरक दिसावा. त्याला दिसला नाही.

मी पानावरचं बोट उचललं. मी म्हटलं, ‘यांचंच.’

मामांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, ‘होय. माझेंच.’ आणि सही करायला पेन मागितलं.

जीपमध्ये चढताना त्यांनी आईला सांगितलं, ‘चुलीवर सुंठीचा कषाय आहे, उतू जाईल.’

तीन आठवड्यांनी ते जामिनावर आले. दाढी वाढलेली, कानांतले झुबके कुणीतरी कापलेले. त्यानंतर त्यांनी कुणाला साधा आल्याचा रससुद्धा दिला नाही. कुणी आलं की कॉफी देत, नाडी बघत नसत. माझ्याशी पूर्वीसारखंच बोलत. हे सर्वांत वाईट. ओरडले असते तर मी पत्रकातल्या भाषेत उत्तर दिलं असतं.

आणि आत्या. तिच्याकडचं उरलंसुरलं लेह्य मामांना नेल्यापासून चौथ्या दिवशी संपलं. पाचव्या दिवशी गुरुवार होता. साडी नेसून, झांजा पिशवीत घालून, ती पायरीपर्यंत आली आणि तिथेच बसली. अर्ध्या तासाने म्हणाली, ‘पिशवी आंत ठेव.’

तंजावरला नेलं. डॉक्टर भले होते. म्हणाले, या दुखण्याला खरं औषध एकच आहे, अफूपासून केलेलं, आणि ते आमच्याकडे नाही. नव्या कायद्यानंतर ते ठेवायला इतके परवाने लागतात की इस्पितळाने मागवणंच सोडलंय. त्यांनी साध्या गोळ्या दिल्या. मी त्यांच्याशी भांडले. ते ऐकून घेत राहिले आणि मग म्हणाले, ‘अम्मा, माझ्यावर ओरडून उपयोग नाही. मी कायदा केला नाही.’

कुणी केला? पुढे कळलं तेव्हा माझं डोकं फिरलं. दूरच्या कुठल्याशा देशात, एकसष्ट साली, टेबलाभोवती बसून करार झाला. ज्या देशांत लोक ही झाडं पिढ्यान्‌पिढ्या वापरतात त्यांना मुदत घालून दिली, गांजाला पंचवीस वर्षं. एवढ्यात विसरा. शेकडो वर्षांचं हातातलं कसब विसरायला पंचवीस वर्षं! मेलकावेरीच्या घाटावर येऊन कुणी विचारलं होतं? ती हिरवी रेघ कुणी पाहिली होती? टेबलावर त्यांच्या पुढ्यात दारूचे पेले असतील, त्यांना मुदत नव्हती. आमच्या सरकारनं मान डोलावली, कायदा केला, आणि वर आम्हा पोरांच्या हातात पत्रकं दिली. मी हे ओरडून सांगू शकते. हल्ली तेच काम करते. पण ओरडून झालं की प्रत्येक वेळी तिथेच येते: टेबलाभोवतीच्या लोकांना मोडी येत नव्हती. मला येत होती.

पोंगल झाल्यावर एका दुपारी आत्याने मला जवळ बोलावलं. घरात दुसरं कुणी नव्हतं. तिचा आवाज बारीक झाला होता, पण डोळे वर्गावर नजर फिरवणारेच.

‘तें पान कोणाच्या हातचें, मजला ठाऊक आहे.’

मी पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला.

‘गिरवताना मीच शेजारी बसत होतें की. ‘पिंपळी’चा ‘प’ तुजला साधत नव्हता.’

‘आत्या—’

‘उगी राहा. ऐक. लिहितां येतें तर करतां येत नाही कां गे? मामा करणार नाहीत आतां. तूं कर. पाला कोठें मिळतो, मी सांगतें.’

मी नाही म्हटलं.

भीतीने नाही म्हटलं असतं तर स्वतःला माफ केलं असतं. भीती सगळ्यांना असते. मी तत्त्वाने नाही म्हटलं. तिला समजावलं. ‘एकाला सूट दिली की,’ असं काहीतरी बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं, चुकलेलं गणित फळ्यावर शेवटपर्यंत लिहू द्यावं तसं. मग म्हणाली, ‘बरें. करूं नकोस. वाचून तरी दाखव.’

‘वही त्यांनी नेली.’

‘तुजला पाठ आहे.’

पाठ होतं. तिच्या उशाशी बसून मी म्हणायला लागले. विजयेचा पाला निवडोन घेणें. शेंडे, देठ, बीं टाकणें. तिने डोळे मिटले. पुरचुंडींत बांधोन वाहते पाण्यांत धुणें. तिची बोटं पांघरुणावर हलत होती, झांजेच्या ठेक्यावर. हिरवें पाणी सरे तों. सावलींत वाळवणें. मग सुंठ, मिरीं—

‘तूप विसरलीस,’ आत्या म्हणाली. ‘कच्चा पाला पोटांत जाईल. पुन्हां सांग.’

पुन्हा सांगितलं. त्यानंतर रोज दुपारी सांगत होते. कधी तीनदा, कधी दहादा. कण्हण्याच्या मधून ती चुका काढायची. मी सांगत असताना दुखणं कमी होत होतं असं मी म्हणणार नाही. पत्रकात लिहिलं असतं, इथे नाही. दुखणं तेवढंच होतं. पांघरूण तिने दातांनी फाडलं होतं. ती फक्त ऐकत होती, आणि मी सांगत होते, आणि पुरचुंडीतून हिरवं पाणी सरत होतं आणि संपत नव्हतं.

पुढच्याच मासी महिन्यात, उन्हं तापू लागताना, ती गेली. गुरुवारी नाही, मंगळवारी.

खटला रखडत गेला. तारखा पडत, मामा धोतर इस्त्री करून जात, परत येत. नव्वदनंतर कधीतरी, दोन तारखांच्या मध्ये, तेही गेले. मी तोवर पुण्याला आले होते, दुखणाईतांना वेदना कमी करणारं औषध मिळावं म्हणून झगडणाऱ्या लोकांत. पुन्हा पत्रकं, पुन्हा मी.

दोन वर्षांपूर्वी कुंभकोणमला गेले होते. एका कागदावर लिहून नेलं होतं: सदर वहीतील अमुक पान आरोपीच्या हस्ताक्षरातील नसून माझ्या हस्ताक्षरातील आहे. कोर्टातल्या कारकुनाने चष्म्यावरून बघितलं.

‘आरोपी मयत. केस बंद. हे कशाला?’

‘फाईलला लावा.’

‘फाईल कुठाय? आणि मुद्देमाल तर केव्हाच नष्ट केला असेल. झाडं, बरणी, वही, सगळं. रीत असते.’

‘वहीसुद्धा?’

‘यादीत असेल तर वहीसुद्धा. बाई, कुणी तुम्हाला त्रास देतंय का?’

मी नाही म्हटलं. त्याने कागद परत केला. शिक्का मारला नाही.

तिथून चालत मेलकावेरीला गेले. मामांच्या घरात आता दुसरे लोक राहतात. विहिरीवर लोखंडी जाळी आहे. घाटावर पाणी कमी होतं, बायका कपडे धूत होत्या. पायरीवर बसून मी पिशवीतून तोच कागद काढला आणि कोऱ्या बाजूवर मोडीत लिहायला घेतलं. विजयेचा पाला निवडोन घेणें. तूप विसरले नाही. अक्षर मात्र ते येईना. माझा हात सराईत झालाय, वळणदार, अगदी मामांसारखा. कुणी आज विचारलं, हे अक्षर कुणाचं, तर यांचंच म्हणावं लागेल.

शेजारची एक म्हातारी कपडे पिळता पिळता बघत होती. ‘काय लिहिताय अम्मा?’ तिने विचारलं. ‘औषध,’ म्हटलं. तिने ओला हात पदराला पुसला आणि पुढे केला.

‘माझ्या नवऱ्याला रात्रभर झोप नाही. द्या की.’

माझ्याकडे फक्त कागद होता.